तुलना बॅटरीशी नको, जनरेटरशी करा

साक्रीहून धुळ्याला येणाऱ्या एसटीत गेल्या पंधरवड्यात दोन पोरांचं चांगलंच वाजलं. एक म्हणत होता, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला २०१३ पासून सव्वाशे मेगावॉटचा सरकारी सौर प्रकल्प आहे. आता दोन्ही बाजूंनी चालणारे, म्हणजे विजेनं पाणी फोडून हायड्रोजन करणारे आणि त्याच हायड्रोजनमधून पुन्हा वीज देणारे फ्युएल सेल तेवढे बसवा, की खानदेश म्हणजे विजेचं कोठार. दुसऱ्यानं मोबाइलवर गणित मांडलं. शंभर युनिट ओता, पस्तीस हातात येतील. इतकी कटती तर अडत्यासुद्धा लावत नाही. मागच्या बाकावरचे एक आप्पा मधेच म्हणाले, "पाणीमाईन वीज निंघस म्हनतस, मंग आमना वावरमा ती रातलेच काबर येस?" सगळे हसले आणि विषय कांद्याच्या भावावर गेला. मला मात्र वाटलं, तिघांत खरा मुद्दा आप्पांनीच काढला होता.

हीच जुगलबंदी हल्ली व्याख्यानांत ऐकू येते, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही वाचायला मिळते. एका बाजूला हायड्रोजनवाले, दुसऱ्या बाजूला बॅटरीवाले, आणि दोघांनीही हे यंत्र बॅटरीच्या शेजारी उभं करून मोजलेलं. माझं म्हणणं असं की तुलनाच चुकीची आहे. उलटसुलट चालणारा हायड्रोजन सेल हा बॅटरीला वाईट पर्याय आहे आणि डिझेल जनरेटरला चांगला. म्हणून खानदेशात त्याची जागा प्रत्येक विहिरीवर नाही. ती मोजक्या ठिकाणी आहे, पण तिथं ती पक्की आहे.

यंत्र समजायला अवघड नाही. १८०० मध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोन इंग्रजांनी पाण्यात वीज सोडून त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. चाळीसेक वर्षांनी विल्यम ग्रोव्ह या वकिली करणाऱ्या शास्त्रज्ञानं हीच गाडी उलटी फिरवली: दोन्ही वायू एकत्र आणून वीज आणि पाणी परत मिळवलं. आज ही दोन कामं बहुधा दोन वेगळ्या यंत्रांत होतात. रिव्हर्सिबल सेलमध्ये ती एकाच यंत्रात होतात, दुपारी पाणी फोडायचं, अवेळी तेच पाणी पुन्हा जोडायचं. कागदावर पाणी फोडायला जितका विजेचा दाब लागतो तितकाच जोडताना परत मिळतो, १.२३ व्होल्ट. प्रत्यक्षात फोडताना १.८ व्होल्टच्या आसपास द्यावे लागतात आणि जोडताना ०.६५ च्या आसपासच पदरात पडतात. दुसऱ्याला पहिल्यानं भागा, छत्तीस टक्के येतात. एसटीतल्या त्या पोराचं गणित म्हणजे हेच, आणि ते बरोबर आहे. लिथियमची बॅटरी शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद परत देते, पाणी वर चढवून खाली सोडणारे प्रकल्प पंच्याहत्तर-ऐंशी देतात. सातशे-आठशे अंशांवर चालणारे सिरॅमिकचे सेल यापेक्षा पुष्कळ बरे, उष्णता नीट वापरली तर निम्म्याहून जास्त परत देतात. पण त्यांना वारंवार थंड-गरम होणं सोसत नाही.

विरोधकांचे बाकीचे मुद्देही मान्य करून टाकतो, कारण ते मी हातानं अनुभवलेत. कॉलेजात शिकवत असताना मी प्रात्यक्षिकासाठी बोटभर रिव्हर्सिबल सेल असलेली एक खेळण्यातली गाडी मागवली होती. जानेवारीत ती पोरांसमोर टेबलभर धावली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटात राहिली आणि जूनमध्ये काढली तेव्हा मेली होती. आतला पातळ पडदा ओला असेल तरच काम करतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यानं तो पापडासारखा वाळवला होता. पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या जळगाव-भुसावळात हा काही किरकोळ दोष नाही. शिवाय ऑक्सिजनच्या बाजूची अडचण फार मूलभूत आहे. वीज बनवताना त्या बाजूला प्लॅटिनम चांगलं काम करतं, पाणी फोडताना इरिडियम लागतं. इरिडियमचं साऱ्या जगाचं वार्षिक उत्पादन सात-आठ टन, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणकामातून हाताला लागणारं. वीज बनवताना पाणी लगेच निथळून जायला हवं, फोडताना ते तिथंच टिकायला हवं. वीज बनवताना ज्या कार्बनवर धातू बसवतात तो फोडतानाच्या व्होल्टेजला झिजतो. एकाच बैलाला सकाळी औताला आणि संध्याकाळी शंकरपटात जुंपायचं, असं हे दुखणं आहे. संशोधक त्यावर खपताहेत, पण आज एकच यंत्र दोन्ही कामं दोन वेगळ्या यंत्रांइतकी नेटकी करतं असं कोणी म्हणत असेल तर तो विकायला बसला आहे.

आता आप्पांचा प्रश्न. रात्री येणारी थ्री फेज हे खानदेशातल्या शेतकऱ्याचं जुनं दुखणं. थंडीत, बिबट्याच्या भीतीत पिकाला पाण्याचे बारे द्यायला जायचं. हायड्रोजनवाले म्हणतात, दिवसाचं ऊन साठवू आणि हवं तेव्हा देऊ. पाच एचपीचा पंप आठ तास चालवायला साधारण तीस-पस्तीस युनिट लागतात. तीस धरू. हायड्रोजनच्या वाटेनं त्यासाठी पंच्याऐंशी युनिट ओतावे लागतील, पावणेदोन किलोच्या वर हायड्रोजन तयार करावा लागेल, आणि तो दाबला नाही तर त्याला वीसेक घनमीटर जागा लागेल, म्हणजे एक बऱ्यापैकी खोली भरून वायू. बॅटरीला पस्तीस युनिट पुरतील. पण मुळात बॅटरी तरी कशाला? पंप दिवसाच चालवा, पाणी थेट केळीला द्या, उरलं तर शेततळ्यात टाका. वीज साठवण्याची गरजच पडत नाही, साठतं ते पाणी. दिवसा वीज देण्याची सौर कृषी वाहिनी योजना याच साध्या विचारावर उभी आहे. इथं बॅटरीवाला जिंकला, आणि त्याच्याही पुढं शेततळं जिंकलं. ज्यानं कुणी पंपासाठी हायड्रोजन सेलची स्वप्नं विकली असतील त्याला सरळ नाही म्हणा.

मग विषय संपला का? संपला असता, जर विजेची गरज फक्त आजच्या दुपारची आजच्या रात्री असती तर. साठवणुकीत किती परत मिळतं याच्याआधी किती दिवस ठेवायचं हे विचारावं लागतं. आपल्या घरात हे शहाणपण जुनंच आहे. दूध रात्रीपुरतं, पीठ आठवड्यापुरतं, ज्वारी कणगीत वर्षापुरती. कणगीतल्या ज्वारीला सोंडे लागतात म्हणून कोणी पिठाच्या डब्यात वर्षाची ज्वारी भरत नाही. रावेर-यावलच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. चार-पाच किलो कच्ची केळी तळावी तेव्हा किलोभर वेफर्स निघतात. टक्केवारी लावली तर हायड्रोजनपेक्षाही वाईट. तरी वेफर्सचा धंदा चालतो, कारण केळी आठवड्यात काळी पडते आणि वेफर्सचं पाकीट महिनोन्‌महिने दुकानात टांगून राहतं.

बॅटरीचं अर्थशास्त्र रोजच्या फेऱ्यांवर उभं आहे. रोज भरून रोज रिकामी होणारी बॅटरी वर्षाला तीनशेहून जास्त वेळा आपलं भांडवल फेडते. तीच बॅटरी श्रावणातल्या ढगाळ पंधरवड्यासाठी राखून ठेवली तर वर्षातून चार-पाचदाच कामाला येते, किंमत मात्र तेवढीच. दुप्पट दिवस हवे असतील तर दुप्पट बॅटरी घ्यावी लागते. हायड्रोजनमध्ये सेल वेगळा आणि टाकी वेगळी. दुप्पट दिवसांसाठी सेल तोच राहतो, फक्त टाकी वाढते. या एका गोष्टीमुळं काही दिवसांनंतर पारडं फिरतं. कितव्या दिवशी फिरतं हे त्या त्या वर्षाच्या किमतींवर ठरेल, आणि बॅटरी स्वस्त होत चालली आहे म्हणून ती रेषा पुढं सरकते आहे, हेही खरं.

इथं माझ्याच बाजूच्या लोकांना एक कडू गोष्ट सांगतो. त्यांचा आवडता युक्तिवाद असा: आषाढात साक्रीच्या पठारावर वारा घोंघावतो, तो हायड्रोजनमध्ये कोंडून रब्बीला वापरू. ऐकायला फार छान. पण चार-सहा महिन्यांचा हायड्रोजन ठेवायचा कुठं? इंग्लंडात टीसाइडला तो सत्तरच्या दशकापासून जमिनीखालच्या मिठाच्या थरात पोकळ्या करून ठेवतात. त्याला खर्च कमी येतो. आपल्या पायाखाली मीठ नाही, दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे आणि तापीकाठी गाळ. पोलादाच्या टाक्यांत जिल्ह्याची रब्बी मावत नाही, परवडतही नाही. बेसॉल्टमध्ये अस्तर लावलेल्या गुहा करता येतील का, हा अभ्यासाचा विषय आहे. आश्वासनाचा नक्कीच नाही.

तेव्हा एका बाजूला रोजची साठवण बॅटरीनं नेली, दुसऱ्या बाजूला ऋतूंची साठवण भूगर्भानं नाकारली. मधे उरते ती चार-पाच दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंतची गरज. ती आज कोण भागवतं? बॅटरी नाही. शेडमध्ये उभा असलेला, धूर ओकणारा जनरेटर भागवतो. सातपुड्यातलं ग्रामीण रुग्णालय, केळीचं शीतगृह, वाहिनी तुटली की अंधारात जाणारी आश्रमशाळा, या ठिकाणी पस्तीस टक्क्यांची तुलना नव्वदशी होत नाही. डिझेलच्या एका लिटरमध्ये दहा युनिटच्या आसपास ऊर्जा असते आणि छोटा जनरेटर त्यातून तीन-साडेतीन युनिट वीज काढतो. म्हणजे तोही पस्तिशीतच. फरक असा की जनरेटरचं युनिट नुसत्या डिझेलपोटी सव्वीस ते तीस रुपयांना पडतं. छतावरच्या सौर पॅनलची वीज चार रुपयांनी धरली आणि दोन तृतीयांश वाया घालवली, तरी सेलमधून निघणारं युनिट अकरा-बारा रुपयांना पडतं.

हुशार वाचक इथं मला पकडेल. यंत्राच्या भांडवलाचं काय? बरोबर पकडलं. जनरेटर घ्यायला स्वस्त आणि चालवायला महाग, सेल याच्या नेमका उलटा. जिथं जनरेटर वर्षातून तीस तास चालतो तिथं तो राहू द्यावा. त्याच्यासाठी लाखोंचा सेल आणणं हा शुद्ध उधळेपणा. जिथं तो शेकडो तास चालतो तिथं हिशेब मांडायला बसा. आणि सरकारी जागी आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच अहवालात सापडत नाही. तिथं यंत्र घ्यायला अनुदान मिळतं, डिझेलला मिळत नाही. दुर्गम भागातल्या एका दवाखान्यात मी नवाकोरा जनरेटर पाहिलाय, वर प्लास्टिकचं आवरण तसंच होतं. बाळंतपण मोबाइलच्या उजेडात झालं, कारण डिझेलचं बिल वर मंजुरीला अडकलं होतं. जिथं भांडवल मिळतं आणि चालवायचा खर्च मिळत नाही, तिथं भांडवलानं महाग पण चालवायला स्वस्त यंत्र हाच व्यवहार ठरतो. धडगाव-अक्राणीच्या घाटात पावसाळ्यात दरड आली की डिझेलचे कॅन खालीच राहतात. ऊन कमी-जास्त होईल, पण त्याला घाट चढावा लागत नाही.

समजा त्या रुग्णालयाची अत्यावश्यक गरज रोज चाळीस युनिट आहे: लसींचा फ्रिज, प्रसूतीची खोली, ऑक्सिजनचं यंत्र, पाण्याची मोटर. रात्रीपुरती बॅटरी हवीच, त्यात वाद नाही. सलग दहा ढगाळ दिवस निभवायचे तर चारशे युनिट लागतील, म्हणजे चोवीसेक किलो हायड्रोजन. पाणी फोडणाऱ्या यंत्रातून येतो तेवढ्याच, तीस बार दाबावर, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीसेक पट, ठेवला तर टाकी दहा घनमीटरची, रस्त्यावरच्या पाण्याच्या टँकरएवढी. उन्हाळ्यात आणि पावसाच्या उघडिपीत ती हळूहळू भरत राहील. इथं मात्र एकच यंत्र दोन्ही कामं करतं याला अर्थ येतो. दहा दिवस वीज बनवणारा वेगळा सेल वर्षातले बाकीचे साडेतीनशे दिवस धूळ खात पडला असता. उलटा चालणारा सेल तेवढे दिवस पाणी फोडत बसेल. रोज दोन्ही कामं जोमानं करायची असतील तर दोन यंत्रं बरी. वर्षभर संथपणे भरायचं आणि क्वचित उपसायचं असेल तर एक यंत्र पुरतं.

पाण्याचा आक्षेप तर सगळ्यात वाईट पद्धतीनं मांडला जातो. "खानदेशात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही हायड्रोजन करायला निघालात!" एका किलो हायड्रोजनला नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं, शुद्धीकरणात जातं ते वेगळं. त्या किलोतून सतराएक युनिट वीज परत येते, म्हणजे युनिटमागं अर्धा लिटर. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या तर आपल्याला लांबूनही दिसतात. कोळशाच्या जुन्या वीजकेंद्रांना २०१५ च्या नियमानं घालून दिलेली मर्यादा युनिटमागं साडेतीन लिटरची आहे. आणि सेलमधलं पाणी वाफ होऊन आकाशात जात नाही, वीज बनताना ते परत तयार होतं आणि पुन्हा टाकीत घेता येतं. वर सांगितलेल्या रुग्णालयाच्या अख्ख्या टाकीला सव्वादोनशे लिटर पाणी पुरेल. निर्यातीसाठी लाखो टन हायड्रोजन तयार करायचा कारखाना तापीकाठी आला तर पाण्याचा प्रश्न जरूर विचारा, मी तुमच्या बाजूला उभा राहीन. तो प्रश्न या छोट्या यंत्राच्या गळ्यात बांधू नका.

कारण तो कारखाना आणि हे यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारी भाषणांत त्या सोयीनं एक केल्या जातात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या १९,७४४ कोटींच्या हरित हायड्रोजन अभियानाचं लक्ष्य आहे २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन. तो प्रामुख्यानं खताला, तेलशुद्धीकरणाला, पोलादाला आणि निर्यातीला जायचा आहे. सुरतेजवळ कवासला एनटीपीसीनं वसाहतीच्या पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळला, तोही जाळायलाच. यात गैर काही नाही. पण अक्राणीच्या पाड्याला त्यातून उजेड मिळेल असं कोणी सुचवत असेल तर त्याला नकाशावर दोन बोटं ठेवायला सांगा.

उलटसुलट चालणाऱ्या यंत्रांचा आपला एक जुना अनुभवही आहे. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघरात दोनशे मेगावॉटची सहा यंत्रं आहेत, सहाही उलटी फिरू शकणारी. दिवसा वीज द्यायची, वीज स्वस्त असेल तेव्हा खालचं पाणी परत वर चढवायचं, अशी ती योजना. या धरणात महाराष्ट्राच्या अक्कलकुवा-अक्राणीची तेहतीस गावं बाधित झाली. विजेत महाराष्ट्राचा वाटा सत्तावीस टक्के ठरला. पण पाणी वर चढवायला आधी ते खाली अडवावं लागतं, आणि गरुडेश्वरचा बंधारा वर्षानुवर्षं झालाच नाही. जगातली उत्तम उलटी फिरणारी यंत्रं कितीतरी वर्षं एकाच दिशेनं फिरत राहिली. यंत्रात दोष नव्हता. दुसरीकडं घाटघरला २००८ पासून अडीचशे मेगावॉटचं तसंच केंद्र दोन्ही दिशांनी चालतं, कारण तिथं वर आणि खाली दोन्ही जलाशय आधी बांधले गेले. रिव्हर्सिबल सेलचा गरुडेश्वर कोणता? शुद्ध पाणी गाळणारी गाळणी, ती बदलणारा माणूस, गळती ओळखणारा सेन्सर, आणि हायड्रोजन हवेत चार टक्क्यांवर गेला की पेटू शकतो हे माहीत असलेला वायरमन. गावोगाव सौर पथदिवे बंद पडले ते ऊन कमी पडलं म्हणून नाही, बॅटरी बदलायला कोणी आलं नाही म्हणून.

तांत्रिक वस्तू आमच्या लोकांना जमत नाहीत, असा सूर इथं हमखास लागतो, आणि त्याचा मला संताप येतो. पांझरा नदीकाठच्या फडांत, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या शेतपट्ट्यांत, तीनशेहून जास्त वर्षं लोकांनी सामुदायिक पाटबंधारे चालवले. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणता पड, पाणी कमी आलं तर कुणाचं किती तुटायचं, हे सगळं ठरलेलं. पाटकरी होता, बारेकरी होता, त्यांना गावकरी धान्य देत आणि हिशेब मागत. जळगावात ठिबक आलं तेव्हा ते महाग म्हणून हसणारे कमी नव्हते. ते ज्वारीत शिरलं नाही, केळीत शिरलं आणि टिकलं, कारण केळीला ते परवडत होतं आणि दुरुस्ती करणारा तालुक्यातच होता. याउलट धुळे जिल्ह्यातल्या विखरणला वीजप्रकल्पासाठी जमीन गेली, मोबदल्याचा झगडा इतका विकोपाला गेला की २०१८ मध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मंत्रालयात जाऊन विष घेतलं. त्या जमिनीवर कोणतं तंत्र येणार होतं, याचं त्याला काय?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. परिषदा नकोत, खानदेशला हायड्रोजनचं केंद्र म्हणून जाहीरही करू नका. तोरणमाळसारख्या, घाटाच्या वरच्या एका ठिकाणी दवाखान्यामागं एक सेल बसवा. बॅटरी त्याच्या शेजारी असू द्या, जुना जनरेटरही हलवू नका. सेलवर सावलीची शेड आणि उन्हाळ्यात ओला राहील असा पडदा. त्याच गावची दोन पोरं आयटीआयला पाठवून त्यांना पगारावर ठेवा, आणि त्यांचा पगार यंत्राच्या किमतीतच पाच वर्षांचा धरा. किती युनिट आत गेले, किती बाहेर आले, किती दिवस बंद पडलं, डिझेल किती लिटर वाचलं, हे दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहा. दोन पावसाळे हे आकडे पाहू. पहिल्या श्रावणात घाट बंद पडेल तेव्हा टाकीचा काटा कुठं आहे, तेवढं मला कोणीतरी फोन करून कळवा.